दहा राग, एकच ठेका : चरणजीत सिंग यांची ध्वनिमुद्रिका नव्याने ऐकताना

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ असे लांबलचक नाव असलेली चरणजीत सिंग यांची ध्वनिमुद्रिका १९८२ साली एचएमव्हीसाठी मुद्रित झाली, फारशी खपली नाही आणि पुढची दोन दशके जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्यांच्या गठ्ठ्यांत धूळ खात पडून राहिली. २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच प्रकाशनाने ती पुन्हा बाजारात आणली. तेव्हापासून तिच्याविषयी एकच वाक्य सर्वत्र फिरते आहे : ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत शिकागोत जन्माला आले त्याच्या पाच वर्षे आधी ते मुंबईत एका सरदारजींनी वाजवून ठेवले होते. या वाक्याने तबकडीला गिऱ्हाईक मिळवून दिले हे खरे, पण तिच्या श्रवणाचे त्याने बरेच नुकसान केले आहे. माणूस ती लावतो ती भविष्यवाणी खरी ठरली की नाही हे तपासण्यासाठी, आणि वाजवणाऱ्याने प्रत्यक्ष काय केले आहे ते कानांवरून निसटून जाते. हे परीक्षण त्या पुनःप्रकाशित तबकडीचे आहे, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगायचे तर, ही एका अत्यंत तयारीच्या चित्रपट-वादकाची कामगिरी आहे. तिचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्ही त्याच्या पेशातून आलेल्या आहेत.

चरणजीत सिंग यांचा जन्म १९४०चा आणि कर्मभूमी मुंबई. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ते गिटार, बेस गिटार आणि कळपट्टीची निरनिराळी विजेवर चालणारी वाद्ये वाजवत होते. शंकर-जयकिशन आणि राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांची हजेरी असे. १९७१च्या ‘दम मारो दम’ या गाण्यात ऐकू येणारा ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे फार्फिसा या इटालियन कंपनीचा विजेवर चालणारा अकॉर्डियन, त्यांनी वाजवलेला आहे. हे गाणे ज्यांना तोंडपाठ आहे अशांपैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असेल, आणि त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. त्या काळात रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. वादकांची नावे छापण्याची पद्धतच नव्हती. वादक शिफ्टप्रमाणे येत, अ‍ॅरेंजरने लिहून दिलेले पीस वाजवत, मानधन घेत आणि पुढच्या स्टुडिओकडे निघत. या व्यवस्थेत ज्याच्याकडे नवे वाद्य असे त्याला मागणी असे. परदेशातून आलेला नवा ध्वनी संगीतकाराला हवा असे, तो ध्वनी काढणारे यंत्र मात्र निर्मात्याने नव्हे तर बहुधा वादकाने स्वतःच्या खिशातून विकत घेतलेले असे. चरणजीत सिंग यांचे यंत्रांवरचे प्रेम खरेच होते, पण त्या प्रेमाला पोटापाण्याचाही आधार होता ही गोष्ट विसरू नये. स्टुडिओतील काम नसेल तेव्हा लग्नसमारंभांत वाजवणारा स्वतःचा वाद्यवृंद ते चालवत, आणि गाजलेल्या चित्रपटगीतांच्या धुना वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही एचएमव्हीने काढलेल्या होत्या.

भारतात सिंथेसायझर आणणारे ते पहिले नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा मान बहुधा केरसी लॉर्ड यांच्याकडे जातो. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच मिनीमूग हा सिंथेसायझर आणला होता. त्याही आधी, १९६९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा एक स्टुडिओ उभा राहिला होता, आणि गीता साराभाईंसारख्या जाणकारांनी तेथे प्रयोग केले होते. त्या प्रयोगांच्या फिती अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या; आता कुठे त्या प्रकाशात आल्या आहेत. अहमदाबादच्या त्या खोलीत वेळ भरपूर होता आणि श्रोता कोणीच नव्हता. मुंबईत याच्या अगदी उलट. घड्याळाकडे बघत काम करायचे आणि जे वाजेल ते लगेच कोट्यवधी लोकांच्या कानी पडायचे. चरणजीत सिंग यांची तबकडी या दुसऱ्या परंपरेतली आहे. ती दोन दिवसांत मुद्रित झाली असे सांगितले जाते, आणि ऐकताना त्याबद्दल शंका घेण्याचे कारण वाटत नाही.

आता यंत्रांविषयी, कारण ती समजून घेतल्याशिवाय या संगीतातले कसब कळत नाही. या तबकडीवर रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये आहेत. पहिले टीआर-८०८ हे तालयंत्र, १९८०चे. त्यात सोळा घरे असतात आणि कोणत्या घरात कोणता ठोका पडावा हे बटणे दाबून ठरवायचे. दुसरे टीबी-३०३, म्हणजे बेस गिटारची जागा घेण्यासाठी तदाओ किकुमोतो यांनी रचलेली एक छोटी चंदेरी पेटी. तिसरे ज्युपिटर-८, हे १९८१चे आठ सूर एकाच वेळी धरू शकणारे, पाच सप्तकांचे, त्या काळी अत्यंत महाग असलेले सिंथेसायझर. यांतले टीबी-३०३ चरणजीत सिंग यांनी ते बाजारात आल्यानंतर लवकरच सिंगापुरात घेतले. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला घरी सरावासाठी साथ मिळावी एवढाच या पेटीचा उद्देश होता आणि त्यातही ती सपशेल अपयशी ठरली. तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि तिच्यात ओळ भरणे हे डोकेदुखीचे काम होते. आधी सगळे सूर क्रमाने भरायचे, मग त्यांची कालमाने स्वतंत्रपणे भरायची, आणि दोन्हींचा मेळ काय बसतो ते शेवटी ऐकायचे. १९८४पर्यंत कंपनीने तिचे उत्पादन बंद केले. तोवर सुमारे दहा हजार नग तयार झाले होते.

या पेटीत दोन गोष्टी मात्र अशा होत्या की ज्यांचे मोल तिच्या कर्त्यालाही तेव्हा कळले नसावे. एक म्हणजे ध्वनीतील वरचे तरंग गाळणारा फिल्टर. त्याची कळ फिरवली की तोच सूर बसक्या घशातून निघाल्यासारखा वाटतो किंवा एकदम कर्कश होऊन किंचाळतो. दुसरी गोष्ट ‘स्लाइड’. एका सुरावर ही खूण केली की तो सूर तुटत नाही, तर घसरत घसरत पुढच्या सुराला जाऊन मिळतो. भारतीय कानाला याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पाश्चात्त्य बेसवादकाच्या लेखी ही एक किरकोळ लकब असेल; रागसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र या पेटीत मींड घेण्याची सोय दिसली असली पाहिजे. ही तिन्ही यंत्रे एका घड्याळावर चालवता येतात. म्हणजे तालयंत्र सुरू केले की बेसची भरून ठेवलेली ओळ आपोआप त्याच्यासोबत धावू लागते आणि वादकाचे दोन्ही हात मुख्य वाद्यासाठी मोकळे राहतात. चरणजीत सिंग यांनी या जुळणीचा घरी सराव केला आणि ती चांगली वाटते आहे असे दिसल्यावर मुद्रण करायचे ठरवले. त्या वर्षी चित्रपटसंगीतात डिस्कोचा पूर आलेला होता; आदल्याच वर्षी नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने देशभर धुमाकूळ घातला होता. आपणही डिस्कोच घ्यावा, पण त्यावर तबल्याविना राग वाजवावेत, एवढीच त्यांची कल्पना होती. नंतर मुलाखतींत त्यांनी ती याहून अवजड शब्दांत कधी मांडली नाही, आणि मला हा साधेपणा फार आवडतो.

तबकडीवर दहा राग आहेत : भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे. क्रम पाहताच शास्त्रीय संगीताचा श्रोता भुवया उंचावेल, कारण ललित आणि तोडी या सकाळच्या रागांच्या मधोमध रात्रीच्या पहिल्या प्रहरातला भूपाली येऊन बसला आहे. समयचक्राची फिकीर इथे केलेली नाही. रागांची निवड मात्र विचारपूर्वक केलेली दिसते. दहांपैकी पाच राग, म्हणजे भूपाली, मेघमल्हार, कलावती, मालकंस आणि बैरागी, मुळात मोजक्याच सुरांवर उभे आहेत, आणि मोजके सूर सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्राशी त्यांचे चांगले जमते.

येथेच या तबकडीचे खरे मर्म आहे, म्हणून थोडे थांबतो. नेहमीच्या डिस्कोत बेसची ओळ कॉर्डांबरोबर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीबरोबर, चालते. कॉर्ड बदलला की बेसला आपली जागा सोडून नव्या सुरावर जावे लागते, आणि गाणे पुढे सरकते ते या बदलांच्या जोरावर. रागाला कॉर्ड नाहीत. तेथे षड्ज अढळ आहे आणि बाकीचे सूर त्याच्याभोवती आपापले नाते सांगतात. त्यामुळे चरणजीत सिंग जेव्हा डिस्कोच्या ठेक्यावर राग मांडतात तेव्हा बेसला कुठे जायचे कामच उरत नाही. ती षड्जाभोवती घोटाळत राहते, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, मध्येच एक सूर घसरवते, आणि तिच्यातला बदल म्हणजे फक्त आवाजाच्या पोतातला बदल. ती एकाच वेळी तानपुऱ्याचेही काम करते आणि ठेक्याचेही. शिकागोतल्या तरुणांनी पुढे जे संगीत केले त्यातही बेस असाच एका जागी खिळलेला असतो. दोघे एका ठिकाणी पोहोचले ते अगदी वेगळ्या वाटांनी. शिकागोत कॉर्ड मुद्दाम वगळले गेले, मुंबईत ते मुळातच नव्हते. या तबकडीतल्या साम्याचे जे गूढ सांगितले जाते त्याचे बव्हंशी उत्तर मला यात सापडते.

पहिला भैरव ऐकावा. ‘ओम नमः शिवाय’ हा मंत्र यंत्राने गाळलेल्या आवाजात येतो, आणि आज तो थोडा बाळबोध वाटतो. पौराणिक मालिकांनी असले आवाज पुढे इतके वापरले की त्यांची जादू संपली. पण त्यानंतर ज्युपिटरवर राग सुरू होतो तेव्हा कान टवकारतात. भैरवाचा प्राण कोमल ऋषभ आणि कोमल धैवत यांच्या आंदोलनात आहे, म्हणजे त्या सुरांवर संथ झुलण्यात. कळपट्टीवर हे होऊ शकत नाही, कारण कळीचा सूर ठरलेला असतो. हार्मोनियमविषयी आपल्याकडे हाच वाद पूर्वी झालेला आहे. याच कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती. चरणजीत सिंग सिंथेसायझरवर मात करतात ती डाव्या हाताने सूर वाकवण्याच्या दांडीवर आणि सूर घसरवण्याच्या सोयीवर. त्यांची मींड गायकाइतकी खोल जात नाही, तिच्यात गिटारवादकाची चपळाई अधिक आहे, पण ती मींडच आहे, नुसती कळीवरून कळीवर मारलेली उडी नव्हे. ज्या काळात बहुतेकांनी सिंथेसायझरकडे वेगवेगळ्या वाद्यांची नक्कल करणारे यंत्र म्हणून पाहिले त्या काळात या माणसाने त्याला गळा देण्याचा प्रयत्न केला.

सगळीकडे हे साधलेले नाही. तोडी मला ऐकवत नाही, हे स्पष्टच लिहितो. तोडीचा गंधार अतिकोमल लागतो, नेहमीच्या कोमल गंधाराच्याही खाली, आणि तो तसा लागला नाही तर रागाची कारुण्याची छटाच नाहीशी होते. यंत्राच्या समान अंतरांच्या सप्तकात तो सूर नाही. दांडी वापरून तो क्षणभर गाठता येईल, पण वेगवान ठेक्यावर त्या सुरावर रेंगाळायला सवड कुठे आहे? परिणामी जे उरते ते तोडीचे स्वर, तोडी नव्हे. ललितही असाच अर्धवट. दोन मध्यम एकापाठोपाठ आल्याने एक गूढ रंग तयार होतो खरा, आणि ज्याला राग ठाऊक नाही त्याला तो विलक्षण आवडेल, पण पहाटेच्या मैफलीत ललित ऐकलेल्याला त्याची घाई खटकेल. यमन बेताचा आहे. तो इतका ऐकलेला राग आहे की पाच मिनिटांत नवे काही सांगायला फार मोठी प्रतिभा लागते, आणि येथे चित्रपटातल्या धुनांची सवय वादकावर मात करते.

कलावती मात्र सोन्यासारखा उतरला आहे. आपल्याकडच्या श्रोत्यांच्या कानांत कलावती म्हटले की प्रभा अत्रे यांचा ‘तन मन धन’ घुमू लागतो, आणि त्या सावलीतून बाहेर येऊन हा राग दुसऱ्या कुठल्या रूपात ऐकणे सोपे नाही. चरणजीत सिंग यांना ते कसे जमले? ऋषभ आणि मध्यम वर्ज्य असल्याने कलावतीत गंधार ते पंचम अशी मोठी उडी येते, आणि बेसची पेटी ही उडी घसरत घेते तेव्हा तिच्यात एक मिस्कील झोक येतो. वर ज्युपिटरचे स्वर कोमल निषादावरून धैवताकडे उतरतात, खाली ठेका एका लयीत धावतो, आणि सुमारे पाच मिनिटे हे तिघे एकमेकांच्या पायात न येता चालत राहतात. मेघमल्हारही असाच जमला आहे. त्यातल्या ऋषभावरची वळणे ऐकताना यंत्र विसरायला होते. मालकंसाच्या गांभीर्याला डिस्को मानवणार नाही अशी माझी अटकळ होती, पण त्याचे तिन्ही कोमल स्वर त्या खरखरीत बेसला विलक्षण साजतात, आणि आजच्या नृत्यसंगीताच्या सर्वांत जवळ जाणारा तुकडा तोच आहे. बैरागी हा पंडित रविशंकर यांनी रूढ केलेला राग शेवटी येतो. तो घेण्यामागे वादकाच्या कानांवर गायकीपेक्षा तंतकारीचा संस्कार अधिक होता हे कारण असावे, असा माझा तर्क आहे. या साऱ्या वादनाचा बाजही कंठापेक्षा सतारीला जवळचा आहे.

ठेक्याविषयी तक्रार करावीच लागेल. दहाही रागांना जवळजवळ तोच ठेका आणि जवळजवळ तीच लय आहे. चार-चारच्या गणिताने ठोके पडत राहतात, त्यांना ना खाली आहे ना भरी, आणि समेवर येण्याचा जो आनंद आपल्या संगीतात असतो त्याची येथे आशाच करू नये. आलाप आवरता घेतलेला, त्यानंतरचा लयदार ‘जोड’ नाही, शेवटचा वेगवान ‘झाला’ आहे असे म्हणावे तर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तोच. सलग पन्नास मिनिटे ऐकली तर कान शिणतात. बहुधा तशी ती ऐकण्यासाठी केलेलीही नाही. त्या काळी असल्या वाद्यसंगीताच्या तबकड्या समारंभांत, हॉटेलांत, घरी पाहुणे आले असता पार्श्वभूमीला लावल्या जात. दोन किंवा तीन राग एका वेळी, याहून अधिक नको.

१९८२ साली ती का चालली नाही हे समजणे अवघड नाही. डिस्को हवा असलेल्याला गाणे हवे होते, गाणारी बाई हवी होती, पडद्यावर नाचणारा नट हवा होता. राग हवा असलेल्याने वेष्टनावरचा ‘डिस्को’ हा शब्द वाचूनच पाठ फिरवली असणार. एचएमव्हीनेही ती फार जोर लावून विकल्याचे दिसत नाही. चरणजीत सिंग पुन्हा शिफ्टा आणि लग्नसमारंभांकडे वळले. मग २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात तिची प्रत सापडली, आणि ती ऐकून तो इतका चक्रावला की पुढे मुंबईत येऊन त्याने खुद्द वादकालाच गाठले. २०१०चे पुनःप्रकाशन हे त्या भेटीचे फळ. प्रथम युरोपात अनेकांचा यावर विश्वासच बसला नाही. एखाद्या खट्याळ पाश्चात्त्य संगीतकाराने रचलेली ही थाप असावी, जुन्या भारतीय रेकॉर्डचे सोंग घेऊन कोणी आपली फिरकी घेत असावे, अशा वदंता पसरल्या. मुंबईतला एक सत्तरीचा वादक आपल्या घरात तीच यंत्रे घेऊन बसला आहे हे त्यांना त्या थापेहून अधिक अशक्य वाटले, यातच पुष्कळ काही आले.

शोधाच्या श्रेयाचा प्रश्न मात्र नीट मांडला पाहिजे. अ‍ॅसिड हाउसची सुरुवात मानली जाते ती शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रयीच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या १९८७च्या मुद्रणापासून. या तरुणांना कोणीतरी टाकून दिलेली टीबी-३०३ स्वस्तात मिळाली, आणि तिच्या कळा फिरवता फिरवता दहा मिनिटांहून अधिक लांबीचा एक तुकडा तयार झाला, जो शहरातल्या क्लबमध्ये वाजवला गेला आणि तेथून जगभर पसरला. त्यांनी चरणजीत सिंग यांचे नावही ऐकलेले नव्हते. तबकडी भारताबाहेर कोणी ऐकलीच नव्हती, तेव्हा तिचा तेथे प्रभाव पडण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय संगीतातही फरक आहे. शिकागोत फिल्टरची कळ फिरवणे हेच वादन झाले, सुरावट जवळपास नाहीशी झाली. चरणजीत सिंग ती कळ त्यामानाने जपून वापरतात, कारण त्यांचे लक्ष वर चाललेल्या रागावर आहे. टीबी-३०३ वापरणारेही ते एकटे नव्हते. स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या बँडच्या ‘रिप इट अप’ या गाण्यात हीच पेटी वाजते, आणि ते गाणे १९८३च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चांगलेच गाजले होते. आपला माणूस पहिला होता म्हणून छाती फुगवणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण तसली कौतुके चरणजीत सिंग यांनी स्वतःही फारशी मनावर घेतलेली दिसत नाहीत.

मग त्यांचा चिरस्थायी प्रभाव कोणता? माझ्या मते तो २०१०नंतर सुरू होतो आणि तो दुहेरी आहे. एक तर इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास डेट्रॉइट, शिकागो, डसेलडॉर्फ एवढ्याच गावांत लिहिण्याची सवय या तबकडीमुळे मोडू लागली. अहमदाबादच्या फितींकडे लोकांचे लक्ष गेले ते अशाच बदललेल्या वातावरणात, आणि जगभरच्या जुन्या चित्रपट-वादकांच्या, लग्नातल्या बँडवाल्यांच्या तबकड्या आता आदराने धुंडाळल्या जातात. दुसरी गोष्ट अधिक जवळची. भारतात आज संगणकावर नृत्यसंगीत रचणाऱ्या तरुण पिढीला राग आणि यंत्र यांचे नाते जोडताना सतारीचा एखादा तयार तुकडा वरून चिकटवण्यापलीकडे दुसरा मार्ग दाखवणारे उदाहरण मिळाले. गोव्याच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे ट्रान्स संगीत फोफावले त्यात भारतीय रंग बहुतेक वेळा असा वरून चिकटवलेलाच आहे. गोवा आणि चरणजीत सिंग यांचा थेट धागा जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा, कारण त्या पार्ट्यांत ही तबकडी वाजल्याचा पुरावा नाही. पण शेजारी शेजारी ठेवून ऐकले तर फरक लगेच कळतो : तेथे राग हा मसाला आहे, येथे तो स्वयंपाक आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे. मूळ तबकडीवर एका बाजूला पाच राग, म्हणजे जवळजवळ पंचवीस मिनिटांचे संगीत दाटीवाटीने बसवलेले होते. व्हिनाइलवर एका बाजूची लांबी जितकी वाढेल तितक्या रेघा अरुंद कराव्या लागतात, आणि खर्जाला रुंद रेघ लागते. त्यामुळे ज्या तबकडीचे अर्धे संगीत बेसमध्ये आहे तिच्यासाठी ही मांडणी सर्वांत गैरसोयीची. पुनःप्रकाशनात हेच संगीत दोन तबकड्यांवर पसरले आहे आणि त्याचा लाभ पहिल्याच ठोक्याला कळतो. तालयंत्राचा खर्जातला घुमा पोटाला जाणवतो, पेटीची खरखर ज्युपिटरपासून वेगळी उभी राहते. चकत्या चकचकीत करण्याच्या नादात आवाजाची मूळ ऊब घालवण्याचा दोष बऱ्याच पुनर्मुद्रणांत आढळतो, तो येथे नाही. तबकडी उलटायला तीनदा उठावे लागते, आणि या संगीताला मध्ये मध्ये मिळणारी ती उसंत उपकारकच ठरते. एचएमव्हीच्या मूळ प्रती संग्राहकांच्या बाजारात अवाच्या सवा किमतीला जातात. ऐकण्यासाठी म्हणून त्या घेण्यात काहीच शहाणपण नाही. इंटरनेटवर ऐकायचे असेल तर निदान चांगला हेडफोन वापरावा. मोबाइलच्या स्पीकरवर बेसची ओळ जवळपास ऐकूच येत नाही आणि मग उरते ती फक्त जुन्या वाद्यवृंदातल्या की-बोर्डची कुरकूर, जी ऐकून ही एवढी गाजलेली तबकडी कशासाठी असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजीत सिंग युरोपातल्या मंचांवर हे राग प्रत्यक्ष वाजवू लागले. समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाचे श्रोते, यंत्रे तीच, आणि या वेळी जाहिरातींवर नाव एकट्या वादकाचे, संगीतकाराचे किंवा नटाचे नव्हे. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. तबकडी घेणाऱ्याने सुरुवात भैरवापासून न करता कलावतीपासून करावी, मग मालकंस, मग मेघमल्हार. तोडी शेवटी ठेवावा, किंवा वगळला तरी चालेल.